उसनी धूळ

आमच्या घरात धूळ राहत नाही. म्हणजे तिला राहूच दिलं जात नाही. अंबडला बाजाराच्या मागच्या गल्लीत आमचं घर. समोरून दिवसभर ट्रॅक्टर, ट्रॉल्या आणि एसट्या जातात, आणि उन्हाळ्यात रस्त्यावरची माती उठून थेट माणसाच्या दातांत जाते. पण आमच्या उंबऱ्याच्या आत तिनं येऊन दाखवावं! माझी बायको रमा, गल्लीची रमाबाई, पहाटे उठून फडकं हातात घेते ते निजायच्या वेळेलाच खाली ठेवते. मी कोर्टात चौतीस वर्षं कारकुनी केली. चौतीस वर्षं रोज संध्याकाळी तिनं मला दाराबाहेर उभं करून सदरा झटकायला लावला आणि मगच आत घेतलं. न्यायाधीशांसमोर मी कधी एवढा घाबरून उभा राहिलो नाही.

अशा बाईच्या पोटी जन्मलेली आमची एकुलती एक भार्गवी पुण्यात कशावर संशोधन करते? धुळीवर. तिनं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा रमानं कपाळाला हात लावला होता.

गेल्या वर्षी जूनच्या सुरुवातीला भार्गवी एक मोठं खोकं घेऊन एसटीतून उतरली. खोक्यातून एक उथळ स्टीलचा ट्रे निघाला, त्याचा स्टँड निघाला आणि पिशवीभर काचेच्या गोट्या निघाल्या. ट्रे आमच्या गच्चीवर मांडायचा, त्यात गोट्या पसरायच्या. वरून पडणारी धूळ गोट्यांच्या फटींत जाऊन बसते आणि मग वाऱ्याला ती उचलता येत नाही. दर सोमवारी सकाळी, बॅटरीत घालतात त्या शुद्ध पाण्यानं गोट्या ट्रेमध्येच धुवायच्या, ते गढूळ पाणी बाटलीत भरायचं, बाटलीवर तारीख टाकायची. काम एवढंच. मधले सहा दिवस ट्रेला कोणी बोट लावायचं नाही.

हे शेवटचं वाक्य तिनं आईकडं बघून म्हटलं.

"मला काय करायचंय तुझ्या ट्रेला?" रमा म्हणाली. "पण धूळ गोळा करायला आपलीच गच्ची बरी सापडली तुला! शेजारी ठेवायचा. तिथं आयती मिळाली असती."

शेजारी म्हणजे उषाबाई. त्या आणि त्यांचे यजमान कारभारी ही शेतकरी माणसं. पोरांच्या शिक्षणासाठी त्यांनी बारा वर्षांपूर्वी आमच्या भिंतीला भिंत लावून घर बांधलं. शेत अकरा किलोमीटरवर. सकाळी सहाला दोघं मोटरसायकलवर निघतात ते दिवेलागणीला परत येतात. मग घरातला पसारा घरातच राहतो, गच्चीवरचा गच्चीवर. त्यात गैर काय, असं मला वाटतं. रमाला वाटत नाही. नऊ वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिनं पंधरा बायकांच्या देखत म्हटलं, "उषाबाईंकडं वाण घ्यायचं तर आधी हात धुवायला पाणी मागावं लागतं." सगळ्या हसल्या. उषाबाईही हसल्या. पण त्या दिवसापासून त्यांनी आमची पायरी चढली नाही. नळ आला की भिंतीवरून हाक मारायची, एवढाच व्यवहार उरला. मी आणि कारभारी मात्र चहाच्या टपरीवर भेटत राहिलो. पुरुषांना असल्या गोष्टींची लाज वाटायला हवी, पण वाटत नाही.

तर ट्रे गच्चीवर बसला. संध्याकाळी स्वयंपाकघरात भाजी निवडता निवडता भार्गवीनं आईला समजावलं की उन्हाळ्यात अरबस्तानातल्या वाळवंटांत वादळं उठतात. ती धूळ वाऱ्यावर चढून समुद्रावर येते. धूळ ऊन शोषून घेते, त्यामुळं तिथली हवा तापते आणि वर चढते.

"आपला न्हाणीघरातला बंब आठव," ती म्हणाली. "आत जाळ झाला की खालच्या तोंडातून हवा कशी आत ओढली जाते? तसंच. समुद्रावरची ओली हवा जास्त जोरानं इकडं ओढली जाते आणि साधारण आठवड्याभरानं आपल्या भागात पाऊस वाढतो. निदान तसं दिसतंय."

"म्हणजे कारभाऱ्याच्या कापसाला पाणी अरबाच्या धुळीनं?"

"थोडंफार, आई. पावसाला हजार कारणं असतात. त्यातलं हे एक."

थोडंफार! कोर्टात साक्षीदारानं असं उत्तर दिलं असतं तर वकिलानं त्याला सोलून काढलं असतं. पण पोरीला तेच मोजायचं होतं. ती धूळ इथपर्यंत पोचते का, किती पोचते, तिचे कण कसे असतात. तिनं चार गावांत ट्रे ठेवले होते. मराठवाड्यात फक्त आमचा.

जून गेला. मी दर सोमवारी पंचनामा लिहावा तशी नोंद लिहायचो. वेळ सकाळी साडेआठ, आभाळ निरभ्र, वारा पश्चिमेचा, ट्रे जागेवर, गोट्या शाबूत. खाली सही. रमा सही करायला तयार नव्हती. धुळीच्या कागदावर आपलं नाव नको, असं तिचं म्हणणं. सात बाटल्या भरल्या. सातही काळपट. आमच्याच रस्त्याची माती, ट्रॅक्टरचा धूर आणि कोणाकोणाच्या चुलीची काजळी.

जुलै संपत आला आणि पावसानं दडी मारली. टपरीवर कारभारी आभाळाकडं बघून म्हणायचे, "दीनानाथराव, कापूस माना टाकून राह्यला. तुमच्या पोरीला विचारा की, काय म्हणतंय तिचं मशीन?" मी चिडायचो. पोरगी धूळ मोजते, पाऊस वाटत नाही, हे मी त्या टपरीवर वीस वेळा तरी सांगितलं असेल.

आठव्या सोमवारी मी बाटली भरून खाली आलो तर भार्गवीचा फोन.

"बाबा, या आठवड्याला फार जपा. मोठं वादळ उठलंय, उपग्रहाच्या चित्रात स्वच्छ दिसून राह्यलंय. बुधवारपर्यंत ती धूळ आपल्या डोक्यावर येईल. बाकी तिन्ही ठिकाणी पाऊस सुरू आहे, तिथले ट्रे धुऊन निघाले. कोरडं आहे ते फक्त अंबड. माझ्या प्रबंधाचं अख्खं प्रकरण या एका ट्रेवर उभं आहे. सप्टेंबरात शिष्यवृत्ती संपते. पुढचा उन्हाळा मला नाही मिळणार. सोमवारी मी आणि सर स्वतःच येतोय, सर हवेतली धूळ मोजायचं मशीनही आणणार आहेत."

बुधवारी खरंच आभाळाचा रंग बदलला. निळं आभाळ पातळ ताकासारखं पांढरट झालं आणि संध्याकाळी सूर्य डोळे न मिचकावता बघता येऊ लागला. गुरुवारी गोट्यांवर हात न लावताही दिसेल असा पिवळसर थर आला. रस्त्याची काळी माती नव्हे, पिठासारखी बारीक, फिक्या रंगाची धूळ. मी ट्रेभोवती फेऱ्या मारत होतो. आपल्या गच्चीवर अरबस्तानातून पाहुणी आलीय, याचा मला भलताच अभिमान वाटत होता.

नेमकं शुक्रवारी जालन्याला माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन. दोन महिन्यांपूर्वी तारीख मिळालेली. रमा सोबत यायची होती, पण ट्रे एकटा कसा सोडायचा? शेवटी मला घेऊन जायला माझा जालन्याचा भाऊ आला आणि ट्रेची राखण करायला रमा मागं राहिली. ही व्यवस्था मीच लावली. दोष द्यायचाच तर तिथून द्यावा लागेल.

रविवारी दुपारी चार वाजता मी काळा चष्मा लावून घरी आलो. डॉक्टरांनी बजावलं होतं, महिनाभर धुळीपासून लांब राहा. त्या दिवशी दिव्याची अवस होती. दारातून आत आलो तर पाटावर घरातल्या झाडून सगळ्या समया, निरांजनं, लामणदिवा, माझ्या आजोबांचा कंदीलसुद्धा घासूनपुसून मांडलेला. कणकेच्या गोड दिव्यांचा वास सुटला होता. रमाचा चेहरा तिच्या समयांइतकाच उजळ होता.

"आधी वर चला," ती म्हणाली, "तुम्हाला काहीतरी दाखवायचंय."

मी वर गेलो. गच्चीच्या मधोमध ट्रे लखलखत होता. गोटी न गोटी चमकत होती. स्टँडला हळदीकुंकवाची बोटं होती, भोवती रांगोळी होती, आणि गोट्यांच्या मधोमध जास्वंदीचं एक फूल ठेवलेलं होतं.

मला काही क्षण वाटलं, ऑपरेशन फसलं.

"रमे," मी म्हणालो, "हे काय केलंस?"

"काय म्हणजे? उद्या तिचे सर येणार. पोरीचं काम बघायला माणसं पुण्याहून येणार आणि तिचं भांडं असं मातीनं भरलेलं? लोक म्हणतील, हिच्या आईनं घर कसं ठेवलंय. आज अवस. घरातलं पितळ, तांबं, स्टील सगळं घासलं. पोरीचं एवढं एकच भांडं मळकं ठेवायचं?"

"तिनं हात लावू नका म्हणून सांगितलं होतं!"

"ते आधी. आता सर मशीन घेऊन येणार म्हणली ना ती? मला वाटलं, ट्रेचं काम संपलं, आता फक्त दाखवायचाय."

मी चिडलो तरी डोकं ठिकाणावर ठेवलं. चोरीचा माल कुठं कुठं गेला ते आधी शोधायचं असतं.

"ज्या पाण्यानं धुतलंस, ते पाणी कुठं आहे?"

"पाणी काय फेकून देते का मी? त्याच पाण्यानं जिना पुसला."

"आणि मग?"

"मंग जास्वंदीला घातलं."

अरबस्तानातून शेकडो कोस समुद्र ओलांडून आलेली धूळ आमच्या जास्वंदीच्या आळ्यात जिरली होती. मी पायरीवर बसलो आणि तिला सगळं नीट सांगितलं. तीन गावांत पाऊस पडतोय, हा एकच ट्रे उरला होता, शिष्यवृत्ती संपतेय, पुढचा उन्हाळा नाही. माझं बोलणं संपेपर्यंत तिच्या चेहऱ्यावरचा उजेड गेला होता. छत्तीस वर्षांच्या संसारात रमा अशी गप्प बसल्याचं मला आठवत नाही, आणि मला त्याचंच भय वाटलं.

आता मी काय केलं ते सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मी स्वयंपाकघरातून एक चमचा आणि एक वाटी घेतली. जन्मभर ज्यानं कोर्टात खऱ्याखोट्या साक्षी ऐकल्या, त्याच्या डोक्यात पहिला विचार आला तो खोटा पुरावा तयार करण्याचा. कुठली तरी धूळ ट्रेमध्ये भुरभुरवायची आणि गप्प बसायचं.

कपाटाच्या माथ्यावर चमचा फिरवला. काही नाही. पंख्याच्या पात्यावर काही नाही. विजेच्या मीटरमागं, फ्रिजच्या खाली, माळ्यावरच्या ट्रंकांवर, देवघराच्या कळसावर. काळा चष्मा लावून, एका डोळ्यानं, स्टुलावर चढून मी घर पालथं घातलं आणि चमचा होता तसाच राहिला.

"या घरात औषधाला चिमूटभर धूळ नाही!" मी ओरडलो.

रमा दारात उभी होती. "धूळ कशाला पाह्यजे?"

मी सांगितलं. घरात नसली तर रस्त्यावरची आणू, मैद्याच्या चाळणीनं चाळून घेऊ, कोणाला कळणार आहे?

"न्हाई," ती म्हणाली.

"अगं, पोरीचं वर्ष जाईल."

"जाऊ दे. तिनं तुमच्या धुळीवर पुस्तक लिहायचं आणि जन्मभर ते खरं समजायचं? बिलकुल न्हाई. ती आली की मी सांगते तिला. माझं चुकलं."

हे दोन शब्द मी तिच्या तोंडून पहिल्यांदा ऐकत होतो. मी वाटी खाली ठेवली. आम्ही दोघं पुन्हा गच्चीवर गेलो. काय करायला गेलो ते सांगता येत नाही. घरात बसवत नव्हतं एवढंच. ती कठड्याला टेकून शेजारच्या गच्चीकडं बघत राहिली, आणि एकदम ताठ झाली.

"परात!"

"कसली परात?"

"ती बघा, टाकीच्या झाकणावर. गेल्या सोमवारी उषाबाई शेतात उशिरा गेल्या. तुम्ही बाटली भरून खाली गेलात, आणि पाचच मिनिटांत त्यांनी ती परात घासून, धुऊन तिथं वाळत ठेवली. आणि विसरल्या. रोज बघून राह्यले मी. मंगळवारी चमकत होती, बुधवारी जराशी मंद झाली, गुरुवारी पिवळी पडली. रोज मनात म्हणून राह्यले, कसली बाई आहे, सहा दिवस झाले परात उचलत न्हाई!"

मी चष्मा वर करून बघितलं. पसरट, मोठी, भाकरीचं पीठ मळायची स्टीलची परात. ट्रे धुतला त्याच वेळी धुतलेली, त्याच उंचीवर, उघड्या आभाळाखाली, सहा दिवस कोणाचाही हात न लागलेली. आणि तिच्यावर रोज नजर ठेवणारी साक्षीदार माझ्या शेजारी उभी. एवढा चोख पुरावा मी कोर्टातही क्वचितच बघितला होता.

तेवढ्यात शेजारच्या जिन्याचं दार वाजलं. उषाबाई शेतातून लवकर आल्या होत्या. अवस होती ना, त्यांनाही दिवे घासायचे होते. एका हातात पाण्याची बादली, दुसऱ्या हातात घासणी. त्यांनी इकडंतिकडं बघितलं, परात दिसली, आणि त्या सरळ तिकडं चालू लागल्या.

"उषाबाई!" रमा किंचाळली. "परातीला हात लावू नका!"

उषाबाई जागच्या जागी थांबल्या. गल्लीत खाली दोन माणसंही थांबली.

"काऊन?" त्या म्हणाल्या. "घासायला लागले तं घासूबी नको का आता? तुमच्या पोरीचा सर यिणार हाय उद्या, तुमच्याच गच्चीवरून आमची गच्ची दिसती. म्हनलं जल्दी घासून टाकावं. तुमाला बोल नको."

"घासू नका. मला ती धूळ पाह्यजे."

"काय पाह्यजे?"

"तुमची धूळ. परातीतली. मला उसनी द्या."

उषाबाईंचा चेहरा लाल झाला. "रमाताई, नऊ वर्सं झाली. एक शबूद बोलले न्हाई मी तुमाला. आज अवसंच्या दिवशीबी टोमणाच का?" आणि त्यांनी बादली उचलली.

कठडा कमरेएवढा उंच आहे. रमाचे गुडघे दुखतात, ती जिनासुद्धा एकेक पायरी चढते. ती त्या कठड्यावर चढली. मी तिला धरायला धावलो, तर तिनं माझा हात झटकला आणि पलीकडं उतरली. मग ती उषाबाईंच्या पुढ्यात उभी राहिली आणि रडायला लागली. टोमणा नाही म्हणाली. ट्रेची सगळी हकिकत तिनं सांगितली. मी धुतलं म्हणाली, पोरीनं बजावलं होतं तरी धुतलं. आणि मग थांबून म्हणाली, "तुमच्या घरात धूळ आहे ती तुम्ही दिवसभर उन्हात राबता म्हणून आहे. एवढं मला नऊ वर्षांत कळलं न्हाई. त्या हळदीकुंकवाला मी जे बोलले, ते मला आजही ऐकू येतं."

उषाबाईंनी बादली खाली ठेवली.

"मलाबी," त्या म्हणाल्या.

त्यानंतर दोघीही रडल्या, आणि मी कठड्याच्या अलीकडं मूर्खासारखा उभा होतो. डॉक्टरांनी डोळ्यांत पाणी येऊ देऊ नका असंही सांगितलं होतं.

सोमवारी कारभारी एकटेच शेतात गेले. उषाबाई सकाळपासून परातीजवळ पोतं टाकून बसल्या होत्या, कावळ्याला सुद्धा फिरकू देत नव्हत्या. दहा वाजता भार्गवी आणि तिचे सर आले. सर पन्नाशीचे, शांत, हातात मशीनची जड पेटी. रमानं त्यांना बसू दिलं नाही, पाणी दिलं नाही. दारातच म्हणाली, "सर, भार्गवी, आधी माझं ऐका. ट्रे मी काल धुऊन टाकला. ह्यांची चूक न्हाई, माझी आहे."

भार्गवीच्या हातातली पिशवी खाली आली. "आई, तुला सांगितलं होतं ना गं," एवढंच म्हणाली, तेही इतक्या हळू की ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

"सांगितलं होतंस. तरी धुतलं."

मग आम्ही सगळे उषाबाईंच्या गच्चीवर गेलो. सरांनी परातीला हात न लावता तिच्याभोवती फेरी मारली, भिंग काढून वाकून बघितलं, आणि मग उलटतपासणी सुरू केली. परात कशानं घासली? राखेनं, मग साबणानं, तीन पाण्यांनी. किती वाजता ठेवली? उषाबाईंना आठवेना. रमा म्हणाली, आठ वाजून चाळीस मिनिटं. मधे कोणी उचलली? उषाबाई म्हणाल्या, नाही. रमा म्हणाली, बराबर, नाही. कोणत्या दिवशी किती धूळ दिसली? ते रमानं सांगितलं, वारासकट. सर वहीत लिहीत होते आणि त्यांच्या मिशीखाली हसू पसरत होतं.

"यांच्याइतकी बारीक नजर आमच्या एकाही मदतनिसाची नाही," ते म्हणाले. मग भार्गवीकडं वळले. "ट्रेच्या मालिकेत ही बसणार नाही. परातीतून वाऱ्यानं किती उडाली ते आपल्याला माहीत नाही, म्हणून वजन वेगळं लिहू. पण कण वाळवंटातले आहेत की नाहीत, एवढं ठरवायला ही भरपूर आहे. परात मात्र आम्हाला न्यावी लागेल. तिचं स्टील स्वतःचे कण सोडतं का तेही बघायला हवं."

"न्या," उषाबाई म्हणाल्या, "पन वापस द्या. माहेरची हाय."

भार्गवीनं बॅटरीच्या पाण्यानं ती परात धुतली. बाटलीतलं पाणी काळपट नव्हतं. गेरूत थोडी हळद कालवावी तसा त्याचा रंग होता. तिनं बाटली उन्हात धरली आणि आईकडं बघून पहिल्यांदा हसली. त्या दिवशी जेवण आमच्याकडं झालं, पंगतीत उषाबाई होत्या, आणि त्यांनी गोड दिवे आणखी दोन मागून घेतले.

पाऊस गुरुवारी आला. धूळ आल्यापासून नववा दिवस. तीन दिवस मोजून मापून, जिरवणीचा पडला आणि कारभाऱ्यांचा कापूस उभा राहिला. मी पुण्याला फोन लावला. "बघ, आठवड्यानं पाऊस! सगळ्या टपरीनं बघितलंय!"

"बाबा," भार्गवी म्हणाली, "एका साक्षीदारावर तुम्ही कधी निकाल लागलेला बघितलाय का?"

मी फोन ठेवला. पोरीनं बापाच्याच धंद्यातलं बोलावं, हे मला मुळीच आवडलं नाही. टपरीवर मात्र मी पाच जणांना ते वाक्य ऐकवलं.

परातीत वाळवंटातले कण निघाले, चांगले निघाले. परात कागदात गुंडाळून परत आली. भार्गवीनं प्रबंध लिहून दिला, आणि हिवाळ्यात तिची तोंडी परीक्षा झाली. त्या दुपारी फोन वाजला तेव्हा उषाबाई आमच्याकडं तुरीच्या शेंगा घेऊन आल्या होत्या. रमानं फोनचा आवाज मोठा केला.

"आई, झाले मी पास!"

दोघींनी एकदमच देवाला हात जोडले. मग रमानं विचारलं, "उषाबाईंचं नाव घातलंस का?"

"घातलं. परातीसकट. आणि तुझंही आहे."

"माझं कशाला?"

"वाचून दाखवू? 'अंबड येथील ट्रे अमावास्येच्या दिवशी संशोधकाच्या आईने घासून धुतला. त्यामुळे या आठवड्याचा ट्रेचा नमुना उपलब्ध नाही.'"

रमा कावरीबावरी झाली. "अगं, माझी चूक पुस्तकात छापलीस? बाहेरचे मोठे लोक वाचणार ते!"

"वाचलंच की. परीक्षक दिल्लीचे होते, फार कडक. त्यांनी नेमकं त्याच पानावर बोट ठेवलं. मला वाटलं, संपलं. तर ते म्हणाले, जी मुलगी हे लिहिते, तिनं बाकीचे आकडेही खरेच लिहिले असणार. त्यानंतर त्यांनी मला एकही उलटा प्रश्न विचारला नाही." मग म्हणाली, "आई, तू दारातच सांगितलंस म्हणून मला ते लिहिता आलं."

रमानं पदर डोळ्यांना लावला. उषाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. मी तिथून उठून आत गेलो आणि स्वयंपाकघरात उगाच पाणी प्यायलो. चमचा आणि वाटी घेऊन त्या दिवशी मी काय करायला निघालो होतो, ते भार्गवीला माहीत नाही. रमानं तिला सांगितलं नाही, आणि मलाही कधी त्यावरून बोलली नाही. ते सांगायचं काम तिनं माझ्यावरच ठेवलंय, हे मला त्या दुपारी समजलं. मी बाहेर आलो आणि म्हणालो, "फोन इकडं दे. मला पोरीशी बोलायचंय."